छोटे घर, छोटा कुत्रा आणि ‘शी-शू’ची एकच जागा

रद्दी, पॅड, ट्रे की न्हाणीघर? साधन कोणतेही असले तरी पिलाच्या तळव्यांना लागलेली पहिली सवय दीर्घकाळ टिकते. म्हणूनच ही निवड पिलू घरी येण्यापूर्वी होणे इष्ट ठरते.

प्रतिनिधी, मुंबई

सदनिकेत कुत्रा पाळायचा तर पग, शित्झू, पॉमेरेनियन, डॅशहंड अशा दहा किलोंच्या आतबाहेर वजन असणाऱ्या जातींचा विचार प्रथम होतो. आहार, लसीकरण, पट्टा, बिछाना यांची चौकशी पिलू येण्याआधी केली जाते. त्याने शी-शू कोठे करावी, हा प्रश्न मात्र दिवाणखान्याच्या फरशीवर पहिले डबके दिसल्यावर पडतो. मग घाईने रद्दी अंथरली जाते, आठवड्याने दुकानातून पॅड येतात आणि महिन्याभराने कोणी तरी सुचविले म्हणून बाल्कनीचे दार उघडले जाते. या धावपळीतून पिलाला एवढेच उमगते की, जागा ठरलेली नाही, कोठेही चालते.

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या गोंधळाचे परिणाम गंभीर असतात. घरात वास राहतो, शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात आणि वर्षभराचा कुत्रा बाल्कनीत साखळीला बांधलेला आढळतो. काही कुत्री दुसऱ्यांना देऊन टाकली जातात, तर काही रस्त्यावर सोडली जातात. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, तसेच भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हे आहेत. शिस्त लावण्यात माणसाची झालेली हयगय अशा रीतीने मुक्या जनावराला भोगावी लागते.

पहिले काही आठवडे घरातच

कुत्र्याला दोन वेळा खाली फिरवून आणले की काम भागते, असा अनेकांचा समज असतो. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा असला, तरी नव्या पिलाला लागू पडत नाही. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीसंबंधी २०१७ मध्ये झालेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. म्हणजे पिलू घरी येते ते साधारण दोन महिन्यांचे असताना. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूविरुद्धच्या लसींची मालिका सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि पिलू किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत चालते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये सुरुवातीला लसीचा परिणाम होऊ देत नाहीत, म्हणून या मात्रा पुन:पुन्हा द्याव्या लागतात.

१९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि मातीत कित्येक महिने तग धरतो. ज्या आवारात, पदपथावर वा मैदानात भटक्या कुत्र्यांचा वावर आहे, तेथे लसीकरण अपुरे असलेले पिलू उतरविणे त्यामुळेच धोक्याचे असते. या काळात त्याला कडेवर घेऊन बाहेरचे जग अवश्य दाखवावे; शी-शूची सोय मात्र घरातच करावी लागते.

पावसाळ्यात आणखी एक अडचण उभी राहते. जमिनीलगत पोट असलेले छोटे कुत्रे साचलेल्या पाण्यात पाय टाकायला नाखूष असते आणि तासन्तास लघवी रोखून धरते. शिवाय उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू माणसाप्रमाणेच कुत्र्यालाही बाधतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांना या आजाराची चांगलीच ओळख झाली. घरात एक हक्काची जागा असणे ही अशा दिवसांत चैन राहत नाही, तर गरज ठरते.

तळव्यांची स्मरणशक्ती

पिलू सुमारे तीन आठवड्यांचे झाले की, झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकू लागते. बिछाना स्वच्छ ठेवण्याची ही उपजत प्रवृत्ती हाच साऱ्या शिक्षणाचा पाया आहे. दोन महिन्यांच्या आगेमागे त्यात दुसरी गोष्ट मिसळते, ती म्हणजे पृष्ठभागाची आवड. ज्या पृष्ठभागावर वारंवार मोकळे व्हायला मिळाले, त्याचा स्पर्श आणि वास यांची सांगड पिलू त्या क्रियेशी घालते. गवतावर वाढलेला कुत्रा गवत शोधतो, तर कागदावर वाढलेला कागद.

‘सोयीचे म्हणून सध्या हे, पुढचे पुढे पाहू’ हा विचार याच कारणाने महागात पडतो. आज रद्दीवर शिकविलेल्या पिलाला उद्या गवतावर न्यायचे असेल, तर एकदा पक्की केलेली सवय मोडून दुसरी लावावी लागते. ते अशक्य नसले, तरी श्रम दुप्पट होतात.

चार पर्याय, चार स्वभाव

पहिला पर्याय घरोघरी उपलब्ध असलेल्या रद्दीचा. ती फुकट मिळते आणि सहज बदलता येते. परंतु कागद फार कमी ओल शोषतो. ती खाली झिरपते आणि पिलाच्या ओल्या पावलांनी घरभर पसरते. रद्दीवर शिकलेल्या कुत्र्याला जुना अंक आणि सकाळी दारातून आत सरकविलेला ताजा अंक यांतला फरक कळत नाही, हाही त्यातील धोका. पहिल्या काही दिवसांपुरती रद्दी ठीक; कायमची व्यवस्था म्हणून ती तोकडी पडते.

दुसरा पर्याय ट्रेनिंग पॅडचा. लहान मुलांच्या डायपरप्रमाणे यातही ओल धरून ठेवणारी रासायनिक भुकटी असते, त्यामुळे वरचा थर बराचसा कोरडा राहतो. खर्च मात्र रोजचा आणि कचराही रोजचा. मऊ पॅडची सवय झालेले पिलू पायपुसणे, सतरंजी किंवा जमिनीवर पडलेली गोधडी यांनाही पॅडच समजते. शिकण्याच्या काळात अशा वस्तू उचलून ठेवणे हाच त्यावर उपाय. पॅड कुरतडणाऱ्या पिलासाठी तो चौकटीत घट्ट बसविणे आवश्यक आहे, कारण आतील भुकटी व प्लास्टिक पोटात जाणे अपायकारक असते.

तिसरा पर्याय जाळीच्या किंवा कृत्रिम हिरवळीच्या ट्रेचा. मूत्र खालच्या तबकात साठते, पाय कोरडे राहतात आणि ट्रे धुऊन पुन्हा वापरता येतो. पुढे कुत्र्याला बाहेरच्या गवतावर न्यायचे असल्यास हिरवळीचा स्पर्श उपयोगी पडतो. मात्र तबक रोज धुतले नाही, तर या ट्रेला सर्वाधिक दुर्गंधी येते. पाय वर करणाऱ्या नरासाठी ट्रेच्या मधोमध छोटा खांब आणि मागे उंच कड असावी. अन्यथा भिंत ओली होते. नैसर्गिक गवताचा ट्रेही ठेवता येतो. त्याला ऊन लागते आणि गवत ठरावीक काळाने बदलावे लागते.

चौथा पर्याय आपल्याकडील घरांच्या रचनेतूनच आलेला आहे, तो म्हणजे न्हाणीघर किंवा मोरी. पाण्याचा निचरा होतो, एक बादली पाण्याने जागा स्वच्छ होते आणि वेगळा खर्च नाही. अडचण अशी, की न्हाणीघराचे दार बहुतेक वेळा बंद असते आणि घरात एकच न्हाणीघर असल्यास सकाळी तेथे गर्दी असते. दार उघडे ठेवण्याची शिस्त माणसांना पाळता येत नसेल, तर कुत्र्याला दोष देण्यात अर्थ नाही. ओल्या फरशीवर वृद्धांचा पाय घसरू शकतो, याचीही दक्षता घ्यावी.

बाल्कनी सोयीची वाटते, पण खालच्या मजल्यावर गळणारे पाणी हे भांडणाचे हमखास निमित्त असते. बाल्कनी वापरायचीच असेल तर तेथे ट्रे ठेवावा. उघड्या फरशीवर सवय लावू नये.

निवडीपूर्वीचे प्रश्न

निर्णय घेताना कुटुंबाने काही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत. कुत्र्याने आयुष्यभर घरातच विधी करावा अशी अपेक्षा आहे, की लसीकरणानंतर त्याला बाहेर न्यायचे आहे? घरात सलग किती तास कोणी नसते? रोज ट्रे कोण धुणार? घरात रांगते मूल आहे काय?

घर रिकामे राहण्याचे तास विशेष महत्त्वाचे. पिलाचे वय जितके महिने, त्याहून एक अधिक इतके तास ते जास्तीत जास्त कळ काढू शकते, असा ढोबळ आडाखा आहे. दोन महिन्यांच्या पिलासाठी ही मर्यादा तीन तासांची होते आणि लहान जातींमध्ये मूत्राशय छोटे असल्याने ती आणखी कमी धरणे श्रेयस्कर. पती-पत्नी दोघेही नऊ-दहा तास बाहेर असलेल्या घरात केवळ फिरवून आणण्यावर भिस्त ठेवता येणार नाही. तेथे पॅड वा ट्रे अपरिहार्य आहे. दिवसभर माणसांचा वावर असलेल्या घरात न्हाणीघराची सवय लावणे सोपे जाते. पुढे बाहेरच न्यायचे ठरले असल्यास कृत्रिम हिरवळ उत्तम.

रांगते मूल असलेल्या घरात विष्ठा तत्काळ उचलणे आणि पिलाला पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध देणे अत्यावश्यक आहे. पिलांच्या पोटातील गोल जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. परंतु ती संसर्गक्षम होण्यास साधारण दोन आठवडे वा अधिक काळ लागतो. रोजची स्वच्छता हा धोका बव्हंशी टाळू शकते.

वेळ, शब्द आणि खाऊ

साधन ठरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे कसोटीचे असतात. झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर, रात्री निजण्यापूर्वी आणि खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत पिलाला ठरलेल्या जागी न्यावे. जठर भरले की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून जेवणाच्या वेळा निश्चित असल्या की शीच्या वेळाही निश्चित होतात. पाणी मात्र कधीही तोडू नये. जमीन हुंगत गोल फिरणे, खेळ अर्धवट सोडून कोपऱ्याकडे जाणे ही सूचक लक्षणे होत.

घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. विधी पूर्ण होताच, त्याच जागी, क्षणाचाही विलंब न लावता शाबासकी आणि खाऊचा तुकडा द्यावा. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडेपर्यंत पिलू मूळ कृती विसरलेले असते. लक्ष ठेवणे शक्य नसेल तेव्हा पिलाला जाळीच्या कुंपणात ठेवावे. एका टोकाला बिछाना, दुसऱ्या टोकाला पॅड वा ट्रे. चूक न होता काही दिवस गेल्यावर एकेक खोली मोकळी करावी. संपूर्ण घर पहिल्याच दिवशी खुले करणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे.

शिक्षा नको, स्वच्छता हवी

चूक झालेल्या जागी नाक घासणे किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी करून फटका देणे यातून पिलू शिस्त शिकत नाही. ‘माणसासमोर हे करणे धोक्याचे’ एवढाच बोध ते घेते आणि पुढच्या वेळी सोफ्यामागे किंवा पलंगाखाली जाते. माणसासमोर मोकळे व्हायला घाबरणारा कुत्रा ट्रेवरही मोकळा होत नाही. चूक घडताना दिसल्यास हलकेच टाळी वाजवून त्याला उचलावे व योग्य जागी न्यावे. नंतर आढळलेले डबके मुकाट्याने पुसावे.

पुसण्याचीही रीत आहे. प्रथम ओल टिपून घ्यावी आणि मग मूत्रातील घटकांचे विघटन करणारे विकरयुक्त द्रावण वापरावे. फिनेलच्या उग्र वासाने माणसाची समजूत पटते, कुत्र्याच्या नाकाची नाही. शिवाय ओल्या फरशीवरून चालून पाय चाटणाऱ्या पिलाला ते बाधू शकते. अमोनियायुक्त द्रावणाचा वास मूत्राशी जुळणारा, म्हणून तेही टाळावे. मूत्रावर थेट ब्लीच ओतल्यास विषारी वायू निर्माण होतो. योग्य जागेवर मात्र वासाचा उपयोग करून घ्यावा. नव्या पॅडखाली जुन्याचा लहानसा तुकडा ठेवला की पिलाला जागा सापडते.

वापरलेला पॅड डायपरप्रमाणे कागदात गुंडाळून वेगळा द्यावा. तो शौचालयात टाकल्यास नळ तुंबतो.

शिकलेला कुत्रा अचानक चुकू लागला, वारंवार थोडी थोडी लघवी करू लागला, लघवीत रक्त दिसले किंवा त्याची तहान वाढली, तर तो हट्ट समजू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार याच्या मुळाशी असू शकतो. अशा वेळी पशुवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

सदस्यांच्या बहुमतानेही गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. त्याच सूचनांत मालकांकडून स्वच्छतेची आणि शेजाऱ्यांना उपद्रव न होण्याची अपेक्षाही व्यक्त झाली आहे. हक्क आणि जबाबदारी यांचा हा मेळ घरातल्या एका कोपऱ्यापासून सुरू होतो. तो कोपरा पिलू येण्याआधी ठरवावा आणि पुन:पुन्हा बदलू नये.