मंगळवार, हिंजवडी फेज थ्री

७.००
रावेतहून सातच्या आत निघालं तर भूमकर चौक पटकन मागे पडतो. अर्ध्या तासाचा उशीर झाला तर फेज थ्रीपर्यंत कोंडीत अडकलातच म्हणून समजा. घरून काम करणाऱ्यांना हा हिशेब करावा लागत नाही. आमच्या टीममधल्या निम्म्या कुरबुरींचं मूळ इथंच आहे.

८.१०
स्वाइप. पूर्वी काही पोरं कार्ड मारून, पोहे खाऊन घरी परत जायची. आता बाहेर पडल्याची वेळही मोजतात.

९.३०
कॅन्टीन. चौथ्या मजल्यावरच्या एकाला काल एचआरचं मीटिंग इन्व्हाइट आलं, विषयाची जागा रिकामी. संध्याकाळी लॅपटॉप जमा. नारळ दिला असं कुणी म्हणत नाही. ‘त्यानं राजीनामा दिला’ म्हणतात. पुढची कंपनी रिलीव्हिंग लेटर मागते, म्हणून माणूस निमूट सही करतो. आणि स्वतः राजीनामा दिला की कागदोपत्री ती कपात राहतच नाही, भरपाईचा मुद्दा तिथंच संपतो. पोह्यांना आज कुणी नावं ठेवली नाहीत.

१०.३०
स्टँड-अप. सहा जण खोलीत, पाच पडद्यावर. सांगलीचा पोरगा २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरी गेला तो तिथंच राहिला; वडिलांचं डायलिसिस चालू, म्हणून सवलत मिळाली. म्यूट केलं की खोलीत सुरू होतं: “भाडं नाही, ट्रॅफिक नाही, पगार मात्र पुण्याचा.” त्याच मिनिटाला मला त्याचा मेसेज: “मॅडम, कॅबिनमध्ये काही ठरतंय का? आम्हाला इथं काहीच कळत नाही.” चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा पडू नये म्हणून हा बाथरूममध्येही फोन घेऊन जातो. समोरच्याची नोकरी पक्की आणि आपलीच डळमळीत, असं दोन्ही बाजूंना वाटतं.

१२.४५
मॅनेजरनं कॅबिनमध्ये बोलावलं. क्लायंटनं बजेट कापलंय, शुक्रवारपर्यंत दोन नावं हवीत. समोर अलोकेशनची एक्सेल उघडी: नाव, ग्रेड, रेट, बिलिंग (म्हणजे क्लायंट त्या माणसाचे पैसे मोजणार ते) कधीपर्यंत. खुर्चीवर किती तास बसलात, याचा रकाना तीत नाही. स्वाइपवरून बाहेर एवढी भांडणं होतात, आणि इथं तिला कुणी विचारत नाही.

टीसीएसनं जून २०२५मध्ये नियम आणला: वर्षाला २२५ दिवस बिलिंग, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ दिवसांपेक्षा जास्त नाही. जुलैमध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. आमची कंपनी ती नव्हे. पण मोठ्या घरची रीत लहान घरं उचलतातच.

सांगलीच्या पोराचं बिलिंग मार्चपर्यंत आहे. खोलीत रोज सगळ्यांच्या आधी येणारे, चौदा वर्षं काढलेले आमचे सीनियर या महिनाअखेर रिकामे होतात. ग्रेड वरची, रेट महाग. माझी ग्रेड त्यांच्या लगतच खालची. हे मॅनेजर बोलला नाही, मीही नाही.

४.००
तेच सीनियर चहाला घेऊन गेले. “आपण निदान समोर दिसतो गं,” म्हणाले. मी साखर ढवळत राहिले. मग दुसऱ्या अकाउंटमधल्या मैत्रिणीला फोन केला: तिच्याकडे टेस्ट लीडची जागा आहे. गुरुवारी सीनियरांचा इंटर्नल इंटरव्ह्यू ठरवला. त्यांना कारण सांगितलं नाही.

६.३०
कंपनीची बस सुटते, खोली रिकामी होते. न्यू जर्सीच्या क्लायंटचा कॉल आता सुरू होतो आणि तो सांगली-नांदेडहून काम करणाऱ्यांकडेच जातो, कारण त्यांना बस पकडायची नसते. ही गोष्ट कॅन्टीनमध्ये कधी निघत नाही.

९.४५
घरी. जेवण, मुलीचं गणित, मग लॅपटॉप. नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल टीममधल्या चौघांनी या आठवड्यात अपडेट केलंय. पाचवी मी.

१०.५०
सांगलीहून मेसेज: “मॅडम, रात्रीच्या एसटीनं येऊ का? दोन-तीन दिवस ऑफिसला तोंड दाखवून जातो.”

“नको. वडिलांजवळ थांब. तुझं बिलिंग मार्चपर्यंत आहे.”

लगेच उत्तर आलं: “मग कुणाचं नाही?”