समूहाने विमानतळाला जाताना : गाडी ठरवण्याचा व्यवहार समजून घेऊया

आपल्या वस्त्यांतून विमानाने जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. बोधगया, श्रीलंका, थायलंडच्या धम्मसहलींसाठी दहा-पंधरा जणांचे गट निघतात. परदेशी विद्यापीठात निवड झालेल्या मुलामुलींना सोडायला अख्खे घर मुंबईला जाते. तिकीट, पासपोर्ट, व्हिसा यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. घरापासून विमानतळापर्यंतची गाडी मात्र शेवटच्या आठवड्यात, कुणाच्या तरी ओळखीने, फोनवर दोन मिनिटांत ठरते.

विमान चुकले तर स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. आपल्या गटांत घरकाम करणाऱ्या ताई असतात, बांधकाम मजूर असतात, पेन्शनवर जगणारे काका असतात. भिशीतून आणि बचत गटातून दोन-तीन वर्षे जमवलेले पैसे त्या तिकिटात असतात. म्हणून गाडीचा हा व्यवहार नीट समजून घेणे ही कार्यकर्त्यांची जबाबदारी आहे. मराठवाड्यातून मुंबईला जाणाऱ्या गटांसोबत काम करताना आम्ही जे मुद्दे दरवेळी तपासतो, ते इथे क्रमाने मांडत आहोत.

१. आधी विमानतळ कोणता ते पाहा

‘मुंबईचे विमान’ एवढे सांगून आता भागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला दोन टर्मिनल आहेत. टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहार भागात, तर टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ले बाजूला. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल २ वरून सुटतात, पण देशांतर्गत विमानेही तिथून सुटतात. त्यामुळे ‘देशातले विमान म्हणजे टर्मिनल १’ हा अंदाज चुकू शकतो.

त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. तो उलवे-पनवेल भागात, जुन्या विमानतळापासून रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. चुकीच्या ठिकाणी पोहोचलेला गट ऐन गर्दीत तिथून वेळेत परत येईल याची खात्री नाही. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. निघण्याच्या आदल्या दिवशी टर्मिनल पुन्हा एकदा तपासा आणि चालकाला फक्त ‘एअरपोर्ट’ न सांगता विमानतळाचे नाव व टर्मिनलचा क्रमांक लिहून पाठवा.

विदर्भातल्या गटांनी नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळही हिशेबात धरावा. तिथून मुंबई किंवा दिल्लीमार्गे पुढचे विमान घेतल्यास रस्त्याचा सातशे किलोमीटरचा प्रवास वाचतो. तिकीट थोडे महाग वाटले तरी गाडीचे भाडे वजा करून तुलना करा.

२. वेळ उलटी मोजा

छत्रपती संभाजीनगरहून पहाटे साडेपाचच्या कोलंबोच्या विमानासाठी निघायचे आहे असे समजा. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी, म्हणजे अडीचला टर्मिनलच्या दारात हवे. अंतर सुमारे ३४० किलोमीटर. चालवण्याचे सात तास, जेवण व स्वच्छतागृहासाठी एक तास, आणि वाहतूक कोंडी किंवा पंक्चरसाठी दीड तास राखीव. एकूण साडेनऊ तास. म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला गाडी हलली पाहिजे आणि साडेचारला सगळे एका जागी जमले पाहिजेत.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग शेवटपर्यंत खुला झाल्याने लोक वेळ कमी धरतात. पण हा महामार्ग भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. तिथून पुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक आहेच. वाचलेला वेळ तिथे खर्च होऊ शकतो, म्हणून राखीव दीड तासाला हात लावू नका.

तारखेचा घोळ तर हमखास होतो. १५ तारखेला रात्री दोनचे विमान म्हणजे १४ तारखेला दुपारी-संध्याकाळी निघायचे. गाडीवाल्याला ‘१५ तारखेच्या रात्रीचे विमान’ सांगितले तर तो १५ च्या संध्याकाळी येईल, आणि तोवर विमान गेलेले असेल. निघण्याची तारीख, वार आणि वेळ तिन्ही सांगा.

३. माणसांबरोबर बॅगाही मोजा

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार चालक सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणारी भाड्याची गाडी ‘मॅक्सी कॅब’ ठरते. आपण जिला बारा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतो ती यात बसते. सतरा किंवा त्याहून जास्त सीटच्या गाड्याही मिळतात.

बारा सीट म्हणजे बारा माणसे आणि त्यांच्या बारा मोठ्या बॅगा, असे नसते. प्रत्येकी २३ किलोची बॅग धरली तर एकूण २७६ किलो सामान होते. मागच्या डिकीत ते मावत नाही. मग काही बॅगा टपावर आणि काही मधल्या वाटेत जातात. टपावर ताडपत्री व दोरी आहे का, हे पावसाळ्यात तर विचाराच. सामान जास्त असेल तर बारा जणांसाठी सतरा सीटची गाडी घ्या.

‘दोघे-तिघे ॲडजस्ट होतील’ हे टाळा. कायद्याच्या कलम १९४-अ नुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. दंड लहान वाटतो, पण त्याच कलमानुसार जादा प्रवासी उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे जाऊ देत नाहीत. रात्री अकराला इगतपुरीजवळ ही वेळ आली तर काय होईल याचा विचार करा. सोडायला येणाऱ्या नातेवाइकांची संख्याही आधीच ठरवा. तिकीट आणि ओळखपत्राशिवाय टर्मिनलच्या आत जाता येत नाही, त्यामुळे त्यांना दारातूनच परतायचे असते.

४. पिवळी पाटी, पांढरी पाटी

भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापरासाठी असते. ओळखीतली पांढऱ्या पाटीची गाडी दोन-चार हजारांनी स्वस्त पडते, म्हणून अनेक गट ती घेतात.

इथे धोका विम्याचा आहे. खासगी वापराच्या विम्यात भाडे घेऊन प्रवासी नेण्याची मुभा नसते. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर भरपाई नाकारू शकते आणि जखमी माणसाचे कुटुंब वर्षानुवर्षे कोर्टात अडकते. ज्यांच्या घरी एकच कमावता हात आहे, त्यांना हे परवडणारे नाही. शिवाय परवान्याशिवाय भाड्याने गाडी चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तपासणी सोपी आहे. गाडीचा नंबर मागून घ्या आणि ‘एम-परिवहन’ ॲपवर टाका. नोंदणीचा प्रकार, विमा व फिटनेसची मुदत दिसते. जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक सेवा वाहनांत ठावठिकाणा दाखवणारे यंत्र आणि आणीबाणीचे बटण आवश्यक केलेले आहे. बटण चालू आहे का हे विचारायला लाजू नका, गटात महिला आणि मुली असतील तर मुळीच नाही.

५. भाडे कसे मोजतात

बाहेरगावच्या गाडीचे भाडे चार गोष्टींचे मिळून होते : किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर (बहुतेक ठिकाणी ३००), चालकाचा भत्ता, आणि टोल-पार्किंग. यात दोन अटी सहसा न सांगता धरलेल्या असतात. किलोमीटर गाडीच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. आणि दिवस तारखेप्रमाणे धरतात, म्हणजे रात्री बारा वाजले की दुसरा दिवस सुरू. तुम्ही एकाच बाजूने जाणार असलात तरी रिकाम्या परतीचे किलोमीटर तुम्हीच भरता.

एक उदाहरण करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, तुमच्या भागातला दर वेगळा असेल. जाऊन-येऊन ६८० किलोमीटर, गॅरेजचे ३०, एकूण ७१०. दर २४ रुपये धरला तर १७,०४० रुपये. दोन तारखांचा चालक भत्ता १,०००. टोल व पार्किंग २,०००. बेरीज २०,०४० रुपये. बारा जणांत प्रत्येकी १,६७० रुपये. फोनवर नुसते ‘चोवीस रुपये किलोमीटर’ ऐकून मनात ३४० ने गुणणाऱ्याला हा आकडा दुपटीहून मोठा वाटतो आणि तिथूनच भांडण सुरू होते.

किमान तीन ठिकाणी विचारा आणि सगळ्यांना एकच प्रश्न करा : ‘टोल, पार्किंग, भत्ता, कर धरून एकूण किती?’ दिवसाचे विमान असेल आणि सामान कमी असेल तर रात्रीची रेल्वे किंवा एसटीही बघा. ज्येष्ठ माणसे, जड सामान किंवा पहाटेचे विमान असेल तेव्हा स्वतंत्र गाडीचा खर्च सार्थकी लागतो.

६. गाडी वस्तीत आली पाहिजे

‘आत गाडी येणार नाही, तुम्ही हायवेला या’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. कधी कारण खरे असते : बोळ अरुंद असतो, विजेच्या तारा खाली आलेल्या असतात. अशा वेळी जवळचे मैदान, शाळा किंवा विहाराचे आवार ठरवावे. पण शेजारच्या सोसायटीच्या दारात जाणारी तीच गाडी वस्तीचे नाव ऐकून थबकत असेल, तर कारण रस्त्याच्या रुंदीत नाही. साठी ओलांडलेल्या आजींनी रात्री बॅगा ओढत हमरस्ता गाठायचा, हे आपण निमूट स्वीकारू नये. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ नुसार गुन्हा आहे.

आमचा व्यवहारातला उपाय असा : आगाऊ रक्कम देण्याआधीच बसण्याच्या जागेचे लोकेशन पाठवायचे आणि ‘इथे गाडी येईल’ असे लेखी उत्तर घ्यायचे. कुणी नकार दिलाच तर तो तेव्हाच कळतो आणि दुसरी गाडी शोधायला वेळ मिळतो.

७. चालकाची झोप

भाडे घासाघीस करून कमी केले की मालक पहिली काटछाट चालकात करतो. दिवसभर लग्नाचे भाडे करून आलेला चालक रात्री आपल्याला घेऊन निघतो. आपला जीव त्याच्या डोळ्यांवर आहे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगारांच्या कामाच्या तासांचा प्रश्न लावून धरला होता. पुढे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आली. तो वारसा सांगणाऱ्यांनी चालकाला सलग अठरा तास राबवू नये. ठरवतानाच विचारा : आदल्या रात्री चालक झोपलेला असेल का? रात्रभराच्या प्रवासाला दुसरा चालक मिळेल का? विमानतळावर सोडल्यावर तो विश्रांती घेऊन परतणार की लगेच? दुसऱ्या चालकाचा दोन तारखांचा भत्ता बारा जणांत वाटला तर माणशी ऐंशी-पंच्याऐंशी रुपयांच्या आसपास पडतो. ढाब्यावर चालकाला आपल्याच टेबलावर बसवा. भत्ता मालकाकडून त्याला खरोखर मिळतो का, तेही विचारा.

८. सगळे लेखी

व्हॉट्सॲपवरचा साधा संदेश पुरेसा आहे, समोरच्याने ‘मान्य’ लिहिले पाहिजे. नमुना असा :

*‘दि. __, वार __, दुपारी ४ वा. गाडी __ येथे हजर. १२ प्रवासी, १२ मोठ्या बॅगा. पिवळ्या पाटीची __ सीटची गाडी, नंबर __. मुंबई विमानतळ, टर्मिनल २. टोल, पार्किंग, भत्ता, करासह एकूण रु. __. आगाऊ रु. __, बाकी पोहोचल्यावर. चालकाचे नाव व फोन आदल्या दिवशी कळवणार. गाडी बिघडल्यास पर्यायी गाडी मालक देणार. रद्द केल्यास परतावा __.’*

आगाऊ रक्कम वीस-तीस टक्क्यांहून जास्त देऊ नका आणि शक्यतो यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. परतीचीही गाडी असेल तर विमान उशिरा आल्यास थांबण्याचे किती, आणि चालक नेमका कुठे भेटणार, हेही लिहा. उंच गाड्या बहुमजली पार्किंगमध्ये जातीलच असे नाही.

ऐनवेळी फसवणूक झाली तर हे संदेश पुरावा ठरतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. रस्त्यात धोका वाटला तर ११२.

९. हिशेब गटासमोर

पैसे एकाने गोळा करावेत, हिशेब दुसऱ्याने लिहावा, आणि या दोघांत एक महिला असावी. टोलच्या नोंदी आणि पार्किंगच्या पावत्या फोटो काढून गटात टाकाव्यात. उरलेले पैसे दोन दिवसांत परत करावेत, मग ते माणशी तीस रुपये का असेनात. ज्याला पूर्ण वाटा झेपत नाही त्याचा भार कसा उचलायचा, हे गाडी ठरवण्याआधी शांतपणे बोलून घ्यावे. गाडीत बसताना त्याला मान खाली घालावी लागू नये.

आपल्या भागातले भरवशाचे गाडीवाले, त्यांचे दर आणि आलेले अनुभव यांची एक वही प्रत्येक युवक मंडळाने ठेवली, तर पुढच्या गटाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. येत्या सहलीपासून ही वही सुरू करा.