तारापूर औद्योगिक वसाहतीतील ट्रकचालक: एकच रस्ता, निरनिराळे मालक

बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतून रसायने, औषधे, पोलाद व कापड घेऊन निघालेले ट्रक चिल्हार फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागतात. रस्ता सर्वांचा एकच असला, तरी चालकाचे जगणे मालकानुसार बदलते. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडील चालकाला ‘खर्ची’, म्हणजे डिझेल, जेवण व वाटखर्चासाठी आगाऊ रोकड, मिळते आणि तीतून उरेल ते बहुधा त्याचेच असल्याने काटकसर हीच त्याची वरकमाई ठरते. मात्र परतीचे भाडे दलालामार्फत जुळेपर्यंत तो परगावी अडकून पडतो. मोठ्या वाहतूक कंपनीत पगार ठरलेला असतो, पण जीपीएसमुळे प्रत्येक थांब्याचा हिशेब द्यावा लागतो.

रसायनांच्या टँकरचे काम सर्वांत जोखमीचे असून, केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 9 नुसार अशा चालकाला धोकादायक मालाचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि याच नियमावलीनुसार ‘ट्रेम कार्ड’, म्हणजे गळती वा आग झाल्यास काय करावे हे सांगणारा कागद, केबिनमध्ये ठेवावा लागतो.

2025 मध्ये रद्द झालेल्या मोटार वाहतूक कामगार अधिनियम, 1961 ने कामाची मर्यादा दिवसाला 8 तास ठेवली होती, परंतु कारखान्याच्या दाराबाहेर माल भरण्याची वाट पाहण्यातच कित्येक तास जातात (आणि फेरीवर मोबदला घेणाऱ्याला त्यांचे काहीच मिळत नाही). 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘रिव्हिगो’ या वाहतूक कंपनीने ठरावीक टप्प्यावर चालक बदलून त्याला घरी परतू देणारी पद्धत आणली, पण छोट्या मालकाला ती परवडणे अवघड आहे.