वाढत्या दप्तराची विभागणी

करवीर संस्थानचे मोडी कागद आजवर रुमालांत बांधून फडताळात ठेवीत आले. परंतु अशाच कागदांची छायाचित्रे संगणकावर चढू लागली, म्हणजे त्यांच्या निवाऱ्याची तजवीज अगदी निराळ्या रीतीने करावी लागते, आणि ती कशी होते हे कोल्हापुरातील एका संग्रहात मला जवळून पाहावयास मिळाले.

तेथील व्यवस्थापकांनी सर्व्हरला हात लावण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडला. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन करून कॉम्प्रेस न करता ठेवले, तर सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे लाखभर पानांना २.६ टेराबाइट. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन-तक्त्याची मर्यादा सर्वसाधारणतः दोन टेराबाइटांच्या आसपास संपत असल्याने जीपीटी पद्धत पत्करणे प्राप्तच होते. लिनक्सची मूळ प्रणाली एका पार्टिशनवर, लॉगच्या नोंदी दुसऱ्यावर, आणि चित्रे तिसरीकडे, अशी सरहद्द आखण्यात हेतू इतकाच, की एखाद्या रात्री लॉग बेसुमार फुगले तरी त्यांनी मूळ प्रणालीची जागा बळकावू नये.

चित्रांसाठी मात्र त्यांनी एलव्हीएमची, म्हणजे मागाहून वाढविता येणाऱ्या लवचीक विभागणीची, योजना केली, आणि आठ टेराबाइटांपैकी तीनच चित्रांच्या नावे लावून बरीचशी जागा मुद्दाम बेवाटप ठेवली. कारण ईएक्सटी-फोर ही फाइल सिस्टिम काम चालू असतानाच वाढविता येते, पण आक्रसावयाची तर ती आधी अनमाउंट करावी लागते. एक्सएफएस वाढते सुखाने, पण तिच्याकडून जागा परत मिळण्याची आशा जवळजवळ सोडावी. पुढे जागा अपुरी पडू लागली तेव्हा त्यांनी ‘एलव्हीएक्स्टेंड -आर’ची एक ओळ लिहिली, आणि शेजारच्या मेजावरील अभ्यासक पाने उलटीत असतानाच पडद्यावरील तीनाचे चार टेराबाइट झाले.

जागा मुबलक असूनही नवी फाइल नाकारली जाते, असाही प्रसंग संभवतो. कारण ईएक्सटी-फोरमध्ये इनोडचे, म्हणजे प्रत्येक फाइलीसाठी लागणाऱ्या नोंदीचे, जागेशी प्रमाण फॉरमॅट करतानाच मुक्रर होते, आणि सूचीसाठी केलेली लक्षावधी चिमुकली चित्रे सारे इनोड संपवू शकतात. म्हणून ‘डीएफ’ या आज्ञेने शिल्लक जागा तपासावी, तशी ‘डीएफ -आय’ने इनोडची शिल्लकही पाहावी.

पार्टिशन कितीही विचारपूर्वक केले तरी ते बॅकअपची जागा घेत नाही. २०१९ आणि २०२१ सालचे पंचगंगेचे महापूर पाहिलेल्या या शहरातील संस्थांनी एक प्रत परगावी ठेवावी, आणि नवी डिस्क आली त्याच दिवशी ती सारी वाटून टाकण्याची घाई करू नये.