काचेच्या पेटीतल्या समुद्राचं रसायन

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे पाळणं वेगळं आणि प्रवाळ वाढवणं वेगळं. दगडी प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून घडवतं. ते जितकं जोमानं वाढतं, तितकं हे साहित्य झपाट्यानं संपतं. मोकळ्या समुद्रात ही घट जाणवत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत दोन दिवसांतही कळते. म्हणून प्रवाळाच्या (रीफ) टाकीचा खरा प्राण नियमित तपासणीत आहे.

सुरुवात खारेपणापासून. हजार भागांत ३५ भाग क्षार हे समुद्राचं प्रमाण. ते चुकलं की पुढचे सगळे आकडे हलतात, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही त्याच्याबरोबर कमीजास्त होतात. बाष्पीभवनानं उतरलेली पातळी शुद्ध गोड्या पाण्यानंच भरायची. पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं.

मग तीन आकडे : कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम साधारण १३०० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचं एकक). अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, आणि सर्वांत आधी घसरते तीच. सांगाडा घडताना कॅल्शियम २० मिलिग्रॅमनं उतरतं, तेवढ्यात अल्कलिनिटी २.८ डीकेएचनं खाली येते. कॅल्शियमचा आकडा ठीक दिसत असतानाच प्रवाळाची उपासमार सुरू झालेली असते. मॅग्नेशियमचं काम वेगळं : ते कमी पडलं तर कॅल्शियम कार्बोनेट हीटरवर आणि पंपावर पुटं धरू लागतं.

अल्कलिनिटीची तपासणी घरच्या किटनं होते. कुपीत मोजून पाणी घ्यायचं, दर्शकाचे थेंब टाकायचे. काही किटमध्ये पाणी निळं होतं. मग आम्ल थेंबाथेंबानं सोडत कुपी हलवत राहायची. सुरुवातीला थेंब पडतो तिथे पिवळसर झाक येते आणि हलवताच विरते. निळा रंग जाऊन पिवळा टिकला की थांबायचं आणि थेंबांवरून आकडा काढायचा. दर वेळी किट तेच आणि दिवसाची वेळही तीच असावी, तरच आजचा आकडा कालच्याशी ताडता येतो.

समजा, २०० लिटरच्या टाकीत अल्कलिनिटी दोन दिवसांत ८.४ वरून ७.८ झाली. रोजचा खप ०.३. एवढ्या पाण्यात १ डीकेएच चढवायला सुमारे ६ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे रोज १.८ ग्रॅम पुरे. तो शुद्ध पाण्यात विरघळवून जोराच्या प्रवाहात हळूहळू सोडावा. दिवसाला १ डीकेएचच्या वर चढवू नये. कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या वेळी द्यावं. दोन्ही द्रावणं एकत्र आली की पांढरा साका बसतो.

मत्स्यालयतज्ज्ञ पीटर विल्केन्स यांनी युरोपातल्या हौशी लोकांत रुजवलेला दुसरा उपाय आपल्या ओळखीचा आहे : चुन्याची निवळी. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात मिळतात. तिचा सामू १२ च्या वर असल्यानं ती ठिबकतच द्यायची. टाकीचा सामू रात्री उतरतो, म्हणून रात्रीची वेळ उत्तम.

पाण्याच्या रसायनावर प्रवाळाची वाढ किती अवलंबून असते, हे ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’ या संशोधन केंद्रातल्या सुमारे २६ लाख लिटरच्या कृत्रिम समुद्रात दिसलं. तिथे संशोधक ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी पाण्याचं रसायन मुद्दाम बदलत नेलं. पाण्यातलं कार्बोनेट घटलं तशी सांगाडा घडण्याची गती मंदावली, हे त्यांनी २००० साली मांडलं.

एखादा ‘आदर्श’ आकडा गाठण्यासाठी रोज औषधं ओतणारा माणूस प्रवाळाला धक्क्यांवर धक्के देतो. अल्कलिनिटी ७.५ असो वा ८.५, ती आज आहे तशी उद्या राहिली पाहिजे. आणि प्रवाळ आणायचं कुठून, हाही प्रश्न तितकाच गंभीर. मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळासह देशातली सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती जिथे आहेत तिथेच राहिली पाहिजेत. टाकीत कमी पडलेलं कार्बोनेट चमचाभर सोड्यानं भरून निघतं. वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे महासागरात घटणाऱ्या कार्बोनेटवर असा सोपा उतारा नाही. तिथे धूर कमी करणं हाच इलाज.