तांबडी रेघ आणि न दिसणाऱ्या लहरी

सरावलीची मुले डहाणू रोडच्या मोठ्या दुकानात गेली, की एका यंत्राकडे त्यांचे लक्ष हमखास जाते. दुकानदार पिस्तुलासारखी वस्तू बिस्किटांच्या पुड्यावर रोखतो, तांबडी रेघ उमटते, 'टीं' असा आवाज होतो आणि किंमत पडद्यावर येते. यंत्राला वायर नाही. मग वर्गात प्रश्न येतात : ही रेघ डोळ्यात गेली तर? वायरीशिवाय आकडा नेणाऱ्या लहरी अंगाला बाधतात का? आमचा अनुभव असा, की पालक दुसऱ्या प्रश्नालाच जास्त घाबरतात. खरे तर क्रम उलटा हवा.

लहरींचे आधी उरकून घेऊ. असे बरेच स्कॅनर ब्लूटूथ वापरतात. त्याच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या, शक्ती बहुधा काही मिलिवॅट. त्यांच्या फोटॉनमध्ये रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. अडचण आहे ती गर्दीची. हा पट्टा भारतात २००५ पासून विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे वाय-फायही इथेच आणि मायक्रोवेव्ह भट्टीही याच वारंवारतेच्या आसपास. परवाना नाही, म्हणून 'माझ्या लहरीत कोणी ढवळाढवळ केली' अशी तक्रारही चालत नाही! ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत ७९ वाहिन्या असतात. संदेश सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलतो आणि गजबजलेल्या वाहिन्या टाळतो. फार तर 'टीं' उशिरा वाजते.

व्यत्यय म्हणजे काय, ते वर्गात ऐकवता येते. जुना ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावा आणि शेजारी स्वयंपाकघरातला ठिणगीचा लायटर दाबा (गॅसपासून दूर). प्रत्येक ठिणगीला रेडिओत 'खट्' होईल.

आता तांबडी रेघ. आजच्या अनेक स्कॅनरमध्ये ती साध्या एलईडीची असते; लेझर असेल तर यंत्रावर तशी पट्टी असते. दुकानातले लेझर स्कॅनर बहुधा वर्ग २ चे. या वर्गातल्या अखंड किरणाची मर्यादा १ मिलिवॅट. ही मर्यादा आली कुठून? झगझगीत प्रकाश पडताच आपण सुमारे पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा मान वळवतो, हे त्यात गृहीत धरले आहे. मुद्दाम टक लावून पाहणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

१ मिलिवॅट म्हणजे अगदीच क्षुल्लक नव्हे. लेझरचे किरण जवळजवळ समांतर असतात. डोळ्याचे भिंग ते दृष्टिपटलावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या ठिपक्यात गोळा करते. सूर्याची प्रतिमा तिथे सुमारे ०.१६ मिलिमीटर रुंद पडते. शक्ती थोडी, पण जागा त्याहून कितीतरी थोडी. स्कॅनरमध्ये हलता आरसा किरण सतत फिरवत असतो, म्हणून तो बुबुळावर क्षणभरच राहतो. आरशाच्या फिरण्यावरच सुरक्षितता अवलंबून असेल, तर तो अडकताच लेझर बंद करण्याची सोय लागते.

जत्रेत मिळणाऱ्या पॉइंटरमध्ये ना आरसा, ना मर्यादेची खात्री. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने १२२ पॉइंटर तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडले : हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि तांबड्यांपैकी ४४ टक्के नियमात बसत नव्हते. काही हिरव्यांतून तर अवरक्त किरणही निसटत होते. ते दिसतच नाहीत, मग पापणी मिटणार कशाला? मिरवणुकीतल्या लेझरझोतांची शक्ती याहून पुष्कळ मोठी. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात त्यांवर बंदी घातली होती.

मुलांनी खेळता खेळता एकमेकांच्या डोळ्यांत असा किरण मारला, तर 'दुखत नाही' एवढ्यावर शिक्षकांनी समाधान मानू नये. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. नजरेसमोर डाग राहिला किंवा अक्षरे वाकडी दिसू लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, आणि तो पॉइंटरही सोबत न्यावा.