गाजर गवत उपटा, पण भुंगे जपा!

पावसाळ्यात जासई परिसरात रस्त्यांच्या कडेला, भरावाच्या मोकळ्या जागांवर गाजर गवत माजते. ते पांढऱ्या फुलांवर आले की अंगाला खाज, पापण्यांना सूज, सततच्या शिंका अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे येणारे रुग्णही वाढतात.

काँग्रेस गवत म्हणूनही ओळखले जाणारे हे तण मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे ते पुण्यात १९५५ साली प्रथम लक्षात आले. त्यातील पार्थेनिन या द्रव्याने काहींची त्वचा लाल होऊन चिघळते. परागकणांनी दमा असलेल्यांना त्रास होतो. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून ते फुलण्यापूर्वीच काढले पाहिजे.

मात्र त्यावर सरसकट औषध मारू नका. आधी पाने पाहा. मळकट पांढऱ्या पाठीवर गडद उभे पट्टे असलेले भुंगे दिसले, तर ते आपले मित्र समजा. हे मेक्सिकन भुंगे १९८३ साली बंगळूरला मुद्दाम आणले गेले. ते व त्यांच्या पिवळसर अळ्या याच गवताची पाने फस्त करतात. शेजारी लाल-केशरी, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, असू शकतो. तो गवत खात नाही, मावा खातो. त्याची काळपट, काटेरी अळीही मावाच खाते. बिचारीला कीड समजून आपण चिरडतो! कीटकनाशकाने हे दोन्ही मित्र मरतात, गवत मात्र उभेच राहते.

मग करावे काय? घर, शाळा, अंगणवाडीजवळचे गवत जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकाला रुमाल हवाच. उपटण्यापूर्वी झाड हलवून मेक्सिकन भुंगे डब्यात घ्या व वस्तीपासून दूरच्या गाजर गवतावर सोडा. ढालकिडे परसातल्या मावा पडलेल्या वालावर, चवळीवर सोडा. उपटलेले गवत जाळू नका. फुलण्याआधीचे असेल तर खड्ड्यात कुजवा. काम संपल्यावर हातपाय साबणाने धुवा, कपडे बदला. ज्यांना दमा किंवा या गवताची ॲलर्जी आहे, त्यांनी या कामापासून लांबच राहावे. खाज थांबत नसेल तर दुकानातून मलम आणून लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह असतो. त्या आठवड्यात आळीतल्या चार घरांनी एक सकाळ दिली, तरी मुलांची खेळायची जागा मोकळी होईल.